चंद्रावरचं पाणी: एक बातमीचं, एक कामाचं

'चंद्रावर पाणी सापडलं' ही बातमी आपण निदान तीनदा वाचली असेल, आणि दर वेळी ती खरीच होती. फक्त पाणी दर वेळी तेच नव्हतं.

सप्टेंबर 2009 मध्ये गाजला तो चांद्रयान-1 वरच्या नासाच्या एम-3 या उपकरणाचा शोध. चंद्रावरून परतणाऱ्या उन्हात 3 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश कमी भरत होता, म्हणजे मातीतलं काहीतरी तो शोषून घेत होतं. सौरवाऱ्यातले (सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या झोतातले) प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, मातीतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटले की हायड्रॉक्सिल बनतं, म्हणजे एक हायड्रोजन कमी असलेलं अर्धवट पाणी. ही खूण हायड्रॉक्सिलची की पुऱ्या पाण्याची, हे तिच्यावरून नीट ठरत नाही. तो निवाडा 2020 मध्ये झाला. बोइंग 747 मध्ये बसवलेल्या सोफिया दुर्बिणीला क्लेव्हियस विवरात 6 मायक्रॉनची खूण दिसली, आणि ती पाण्याच्या रेणूचीच असते. पण किती पाणी? 100 किलो मातीत 10 ते 40 ग्रॅम! सहारा वाळवंटात याच्या शंभरपट असतं. ओल म्हणावी इतकंही नाही.

दुसरं पाणी ध्रुवांवरचं. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्यामुळे तिथल्या काही खोल विवरांच्या तळाला अब्जावधी वर्षं ऊन लागलेलं नाही. काही ठिकाणी तापमान उणे 230 अंशांच्याही खाली. तिथे बर्फ एकदा अडकला की सुटत नाही. 9 ऑक्टोबर 2009 ला, म्हणजे एम-3 च्या बातमीनंतर दोनच आठवड्यांनी (दोन्ही पाणी एकच समजण्याच्या घोळाचं मूळ बहुधा इथेच), नासाने एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात आदळवला. उडालेल्या मातीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी निघालं. म्हणजे 100 किलोमागे साडेपाच किलो. पिण्यासाठी, श्वासाच्या ऑक्सिजनसाठी, फोडून रॉकेटच्या इंधनासाठी हिशेब मांडायचा तर तो याच पाण्याचा.

अर्थात ही एका विवरातली एकच धडक, आणि आकड्यात तीनेक टक्क्यांची चूक धरलेली, म्हणजे खरा आकडा अडीच ते साडेआठ टक्क्यांत कुठेही असू शकतो. एका बोअरवर खाणीचा साठा कोणी जाहीर करत नाही.

शिवाय बर्फ टिकला तो अंधारामुळे, आणि त्याच अंधारात सौर पॅनेल चालत नाही. वीज विवराच्या उन्हातल्या काठावरून खाली न्यायची किंवा अणुऊर्जेची सोय करायची. चांद्रयान-3 ला हा प्रश्न आला नाही. 'दक्षिण ध्रुवावर उतरलं' असं आपण म्हणतो खरं, पण ते उतरलं साधारण 69 अंश दक्षिणेला, चांगल्या उन्हात.