अर्धा टक्का जमीन आणि हरणांची वाट

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका अवाढव्य अर्थविधेयकाला जोडून एक प्रस्ताव मांडला गेला. पश्चिमेकडील अकरा राज्यांत केंद्र सरकारच्या दोन खात्यांकडे, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांच्याकडे, जी जमीन आहे तिच्यापैकी किमान अर्धा आणि जास्तीत जास्त पाऊण टक्का जमीन पाच वर्षांत विकावी, असे त्यात म्हटले होते. एकरांत हा आकडा साधारण २२ ते ३३ लाख इतका होतो. प्रस्ताव युटाचे सिनेटर माइक ली यांचा होता आणि घरांची टंचाई दूर करणे हा त्याचा जाहीर हेतू होता. त्यावर जे रण माजले त्यात शिकारी, मासेमारीचे शौकीन, गिर्यारोहक, पर्यावरणवादी आणि खुद्द ली यांच्या रिपब्लिकन पक्षातले अनेक जण एका बाजूला उभे राहिले. सिनेटच्या नियमतज्ज्ञ अधिकाऱ्यांनी हा मजकूर अर्थविधेयकाच्या चौकटीत बसत नसल्याचे सांगितले. त्यानंतर बरीच काटछाट केलेला दुसरा मसुदा आला आणि अखेर २८ जून रोजी ली यांनी प्रस्ताव मागे घेतला.

मागणी मात्र तिथे संपलेली नाही. त्याच वर्षी जानेवारीत युटा राज्याने केंद्राच्या ताब्यातील १ कोटी ८५ लाख एकर जमिनीवर केलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने थेट सुनावणीसाठी घेण्यास नकार दिला होता. मे महिन्यात कनिष्ठ सभागृहात नेवाडा आणि युटा यांच्यापुरता विक्रीचा प्रयत्न होऊन गेला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दर काही वर्षांनी हा वाद नव्याने उभा राहतो. या सगळ्या चर्चेत ‘फक्त अर्धा टक्का’ हे शब्द फार सहजपणे उच्चारले गेले. माझा आक्षेप नेमका या मोजमापाला आहे. शेकडेवारीने जमिनीचे क्षेत्रफळ कळते. ती जमीन तिथे कोणते काम करते, हे तिच्या जागेवर आणि शेजारावर ठरते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. देशाच्या एकूण जमिनीच्या ती २८ टक्के भरते आणि महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या आठपटीहून अधिक होते. तिची वाटणी मात्र अतिशय विषम आहे. पूर्वेकडच्या कनेटिकटमध्ये किंवा मध्यावरच्या आयोवामध्ये ती एक टक्काही नाही, तर नेवाडात सुमारे ८० टक्के आणि युटात सुमारे ६३ टक्के जमीन केंद्राची आहे. लास व्हेगसहून युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या दऱ्या पाहायला मोटारीने निघालेल्या मराठी कुटुंबाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तासन् तास जो मोकळा, झुडपी माळ दिसतो, त्यातला बराचसा याच जमिनीपैकी असतो.

ही विषमता पावसाने घडवलेली आहे. १८६२च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन जवळपास फुकट देऊ केली. अट एवढीच की त्याने पाच वर्षे तिथे राहून ती कसावी. या मार्गाने सुमारे २७ कोटी एकर जमीन खासगी झाली. जिथे पाऊस होता तिथे १६० एकर पुष्कळ होते. त्याच्या पश्चिमेला, जिथे वर्षाला २० इंचही पाऊस पडत नाही तिथे, तेवढ्याच जमिनीवर कुटुंब उपाशी मरत असे. कोलोरॅडो नदीच्या घळईतून १८६९ मध्ये होड्यांची मोहीम नेणारे, एक हात गमावलेले भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात हे स्पष्ट लिहिले होते. पाटपाण्याखाली ८० एकर पुरतील, पण चराईसाठी २,५६० एकर लागतील, असा त्यांचा हिशेब होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो मानला नाही. पाण्याकाठची, सपाट आणि सुपीक जमीन आधी उचलली गेली. कोरडी, खडकाळ किंवा फार उंचावरची मागे राहिली. आज ज्या जमिनीवरून भांडण चालू आहे ती एका अर्थाने कोणालाच नको असलेली, उरलेली जमीन होती. पण या उरलेल्या जमिनीतच पश्चिमेच्या नद्यांचे उगम आहेत आणि जनावरांच्या जुन्या वाटाही आहेत.

अशा एका वाटेकडे जवळून पाहिले पाहिजे. वायोमिंग राज्यात म्यूल डियर नावाचे, खेचरासारखे मोठे कान असलेले हरीण आहे. रेड डेझर्ट या कोरड्या पठारावर हिवाळा काढणारे त्यांचे कळप वसंतात उत्तरेला निघतात आणि सुमारे २४० किलोमीटर चालून होबॅक खोऱ्यातल्या डोंगरी कुरणांत पोहोचतात. शरद ऋतूत तीच वाट ते उलटी चालतात. हॉल सॉयर या संशोधकाने हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून ही वाट २०१४ मध्ये जगासमोर आणली, तोवर ती इतकी लांब असल्याचे कोणाला माहीत नव्हते. बर्फ वितळते तसे नवे गवत खालून वर उगवत जाते. कोवळ्या कोंबात प्रथिने भरपूर आणि तंतू कमी असतात. आठ-पंधरा दिवसांत तेच गवत निबर होते. हरणे या हिरव्या लाटेच्या पुढच्या काठावर राहून चरत चरत चढतात. म्हणून त्यांचा वेग त्यांच्या पायांवर जितका अवलंबून असतो तितकाच गवताच्या वयावरही असतो. वाटेत कुठे चार दिवस खोळंबा झाला तर लाट पुढे निघून जाते.

ही वाट केंद्राच्या, राज्याच्या आणि खासगी जमिनींवरून जाते. पाइनडेल गावाजवळ फ्रेमाँट सरोवराच्या टोकाशी ती अशी आवळली जाते की एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि मधल्या जेमतेम काहीशे मीटरच्या पट्ट्यातून हजारो हरणे जातात. या पट्ट्यातला ३६४ एकरांचा एक तुकडा खासगी मालकीचा होता आणि तो विक्रीला निघाला होता. सरोवराकाठची घरे तिथे सहज उभी राहिली असती. एका संवर्धन संस्थेने देणग्या जमवून तो विकत घेतला आणि राज्याच्या वन्यजीव खात्याकडे सोपवला. ६४ कोटी एकरांशी तुलना केली तर ३६४ एकर म्हणजे एका टक्क्याचा दहा हजारावा भागही होत नाही. तरीही तेवढ्यावर कुंपण पडले असते तर २४० किलोमीटरची वाट तिथेच तुटली असती. ‘हरणे दुसरीकडून जातील’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, पण अभ्यास तसे सांगत नाहीत. म्यूल डियर आपल्या वाटेला विलक्षण चिकटून असतात आणि पाडसे ती आईमागून चालून शिकतात. मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचे कळप नव्या प्रदेशात नेऊन सोडले तेव्हा त्यांना स्थलांतर पुन्हा शिकायला कित्येक दशके लागली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. वाट ही त्या कळपाची पिढ्यान् पिढ्या जमवलेली माहिती असते.

दुसरी गोष्ट पायाखालची आहे. आग्नेय युटातल्या वाळूच्या जमिनीवर झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत काळसर, खडबडीत, बोटभर उंचीच्या लहान लहान मनोऱ्यांचा थर दिसतो. अनोळखी माणसाला ती मेलेली माती वाटते. त्यातले एक ढेकूळ हलकेच उचलले तर खालून वाळूचे कण केसाहून बारीक धाग्यांना लोंबकळताना दिसतात. हे धागे मायक्रोकोलियस नावाच्या सायनोबॅक्टेरियांचे. प्रत्येक धाग्याभोवती चिकट आवरण असते. पाऊस पडला की धागे फुगतात, आवरणातून बाहेर सरकत उजेडाकडे येतात आणि काही मिनिटांत काळा थर हिरवट दिसू लागतो. वाळले की ते आहे तिथे थांबतात. मागे राहिलेली रिकामी आवरणे वाळूला शिवून धरतात. जोडीला दगडफूल आणि शेवाळ येते. हा जिवंत पापुद्रा हवेतला नायट्रोजन मातीत आणतो, पाणी धरतो आणि वाऱ्याला माती उचलू देत नाही. त्यावरून एकदा गाडी गेली की पापुद्रा मोडतो. सायनोबॅक्टेरियांना सावरायला काही वर्षे ते दशके लागतात, दगडफूल आणि शेवाळाला त्याहून कितीतरी जास्त.

मोडलेल्या पापुद्र्याखालची धूळ उडून शेकडो किलोमीटरवरच्या कोलोरॅडोतल्या डोंगरांवर बसते. पांढरे बर्फ मळकट होते, ऊन परावर्तित करण्याऐवजी शोषून घेते आणि लवकर वितळते. उघडी पडलेली जमीन आणि झाडे मग अधिक दिवस पाणी हवेत सोडत राहतात. धुळीमुळे कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यात नदीला मिळणारे पाणी सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०१० मध्ये थॉमस पेंटर आणि सहकाऱ्यांनी मांडला. या नदीच्या पाण्यावर सुमारे चार कोटी माणसे अवलंबून आहेत.

इथे कायदा आणि माती यांची भेट झालेली प्रत्यक्ष दिसते. कोलोरॅडोतल्या सॅन वान डोंगरांमधल्या उंच तळ्यांचा गाळ थरांनी तपासला तेव्हा एकोणिसाव्या शतकात, वसाहत आणि बेसुमार चराई वाढली त्या काळात, साचणाऱ्या धुळीचे प्रमाण आधीच्या हजारो वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५०० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. विसाव्या शतकात ते उतरले, आणि त्या उताराचा काळ १९३४च्या टेलर चराई कायद्याशी जुळतो. त्या कायद्याआधी ही जमीन गावाने देखरेख सोडून दिलेल्या गायरानासारखी होती. जो आधी येईल तो चारेल. कायद्याने परवाने आले, जनावरांची संख्या ठरली, आणि काही वर्षांनी तळ्याच्या तळाशी त्याची नोंद झाली. सार्वजनिक मालकी आपोआप जमीन राखते असे मी म्हणणार नाही. राखण्याचे नियम एका मोठ्या, सलग प्रदेशाला लागू करण्याची सोय ती मालकी देते.

विक्रीच्या बाजूचे लोक खोटे बोलत आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. चहूबाजूंनी केंद्राच्या जमिनीने वेढलेल्या गावाला वाढायला जागा मिळत नाही, घरांच्या किमती शिक्षक-परिचारिकांच्या आवाक्याबाहेर जातात आणि निर्णय हजारो किलोमीटरवरच्या राजधानीत होतो, ही तक्रार खरी आहे. यावर एक चांगला तोडगा निघालेलाही आहे. लास व्हेगस खोऱ्यासाठी १९९८ मध्ये झालेल्या कायद्याने आधी नकाशावर हद्द आखली, तिच्या आतली केंद्राची जमीन लिलावाने विकण्याची मुभा दिली आणि पैशांची वाटणीही ठरवून टाकली: ५ टक्के राज्याच्या शिक्षणाला, १० टक्के स्थानिक पाणीपुरवठा प्राधिकरणाला, उरलेले ८५ टक्के नेवाडातच उद्याने, संवर्धन आणि नाजूक खासगी जमिनींच्या खरेदीसाठी. केंद्राच्या जमिनींविषयीच्या १९७६च्या मूळ कायद्यातही विशिष्ट तुकडा विकणे राष्ट्रहिताचे असेल तर विक्रीला वाव आहे. म्हणजे आधी जागा तपासायची, मग विकायची. २०२५च्या प्रस्तावाने आधी आकडा ठरवला आणि जागा नंतर शोधायची ठेवली. त्यातून येणारी बहुतांश रक्कमही केंद्राच्या तिजोरीत जाणार होती.

घरांचा हिशेबही जागेवरच येऊन थांबतो. या जमिनीचा फार मोठा भाग गावांपासून दूर आहे. तिथे पाणी, रस्ते, वीज यांपैकी काहीच नाही. जी गावाला लागून आहे ती अनेक ठिकाणी वणव्याच्या वाटेवर आहे. १९९० ते २०१० या काळात अमेरिकेत रानाला भिडलेल्या वस्तीतली घरे सुमारे ३ कोटी ८ लाखांवरून ४ कोटी ३४ लाखांवर गेली. १९९२ ते २०१२ या काळातल्या वणव्यांच्या नोंदी तपासल्या तर ८४ टक्के आगी माणसांमुळे लागल्या होत्या. रानाच्या कडेला घर बांधणे म्हणजे आगीपुढे माणूस ठेवणे आणि आगीचे कारणही तिथे नेऊन ठेवणे.

‘मग जमीन राज्यांनाच द्या’ असेही सुचवले जाते. राज्यांना स्थापनेच्या वेळी शाळांच्या खर्चासाठी जमिनी मिळाल्या होत्या. नेवाडाला मिळालेल्या सुमारे २७ लाख एकरांपैकी आज राज्याकडे जेमतेम तीन हजार एकर उरले आहेत. बाकीचे विकले गेले.

मालकीचे तुकडे पडले की काय होते, याचा एक नमुना पश्चिमेत दीडशे वर्षे उभा आहे. रेल्वे कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून सरकारने मार्गालगत एक चौरस मैलाचे चौकोन एकाआड एक वाटले. बुद्धिबळाच्या पटावर काळी घरे कंपनीची, पांढरी सरकारची, असा तो नकाशा झाला. दोन पांढरी घरे फक्त कोपऱ्याच्या बिंदूत भेटतात. तो बिंदू ओलांडताना माणसाचा खांदा खासगी जमिनीवरच्या हवेतून जातो, म्हणून ते अतिक्रमण ठरते काय, यावर वायोमिंगमध्ये काही शिकाऱ्यांवर खटला चालला. मार्च २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. अशा कोपऱ्यांमुळे अडकून पडलेली सार्वजनिक जमीन एका मोजणीनुसार सुमारे ८३ लाख एकर आहे. शून्य क्षेत्रफळाच्या बिंदूंवर इतक्या जमिनीची वाट अडते.

आणि या जमिनीचे पहिले रहिवासी या चर्चेत बहुधा कडेलाच राहतात. ‘सार्वजनिक’ होण्याआधी ती आदिवासी राष्ट्रांची होती; करारांनी, दडपणाने आणि बळजबरीने ती घेतली गेली. १८६८ मध्ये शोशोन, बॅनॉक आणि क्रो लोकांशी झालेल्या करारांत एक हक्क लिहून राखला गेला: संयुक्त संस्थानांच्या वस्ती नसलेल्या जमिनीवर, शिकार मिळते तोवर, शिकार करण्याचा. वायोमिंग राज्य झाल्याने क्रो लोकांचा हा हक्क संपला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. हा हक्क दोन गोष्टींवर टिकून आहे: जमीन सरकारची असणे आणि तिच्यावर वस्ती नसणे. एखादा तुकडा विकला गेला आणि तिथे घरे उभी राहिली की त्या तुकड्यापुरता १८६८चा शब्द लागू राहत नाही. अर्धा टक्का मोजणाऱ्या तक्त्यात या हक्कासाठी रकाना नव्हता.