टॉर्च तापला म्हणजे बिघडला का?
मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवरून एलईडी आणि ड्रायव्हर (एलईडीला किती करंट मिळेल हे ठरवणारे सर्किट) आणून टॉर्चचा उजेड वाढवणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजला आहे: एलईडी थंड असतो, म्हणून टॉर्च तापला तर काहीतरी चुकले. वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. एलईडीच्या झोतात उष्णता फारशी नसते हे खरे, पण दिलेल्या विजेपैकी बराच मोठा भाग चिपमध्येच उष्णता बनतो आणि ती खालच्या तांब्याच्या चकतीतून ॲल्युमिनियमच्या नळीपर्यंत पोहोचली, तरच चिप टिकते. त्यामुळे करंट वाढवूनही नळी गारच राहिली, तर संशय घ्यावा. बहुधा चकतीखाली थर्मल पेस्टचा (दोन पृष्ठभागांमधली फट भरून उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा) जाड लपका असतो, जिथे कागदाहून पातळ थर पुरला असता. करंट दुप्पट केल्याने उजेड दुप्पट होत नाही, उष्णता मात्र दुपटीहून अधिक वाढते.