लांबी, वजन, जागा: टपालदराची पार्श्वभूमी

चवथीला घरी येऊ न शकलेल्या मुलाला पणजीहून पुण्याला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवायच्या म्हटलं की कुरियरवाला आधी टेप काढतो, काटा नंतर. खोका ३० × २५ × २० सेंटीमीटरचा असेल तर गुणाकार १५,००० येतो. त्याला ५,००० ने भागलं की जागेच्या हिशोबाने झाले ३ किलो. नेवऱ्या मोडू नयेत म्हणून आत कागदाचे बोळे भरलेले, खरं वजन जेमतेम सव्वा किलो. पैसे मात्र दोन्हींत जास्त भरेल त्याचे, म्हणजे तिनाचे. त्याच सव्वा किलोचे काजूगर घट्ट बांधून दिले तर हा प्रश्नच येत नाही.

टपालाचा दर पूर्वी अंतरावर होता. १८३७ च्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला पत्र धाडायला तोळ्याला एक रुपया पडे. इंग्लंडात तर कागद मोजत. पाकीट घातलं की तो आणखी एक कागद धरला जाई, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून वर पत्ता लिहीत. रोलंड हिल या इंग्रज टपालसुधारकाच्या सुधारणेने १८४० मध्ये ही कागद-मोजणी संपली आणि अर्ध्या औंसाला एक पेनी हा दर आला. आपल्याकडे १८५४ पासून पाव तोळ्याला अर्धा आणा, देशभर कुठेही.

गोव्याला हे ‘देशभर’ लागू नव्हतं. पोर्तुगीज इंडियाची स्वतःची तिकिटं १८७१ मध्ये निघाली, तरी मुंबईच्या पत्रावर ब्रिटिश हद्दीतल्या प्रवासासाठी तिथलंही तिकीट लावावं लागे. १८७७ मध्ये पोर्तुगीज इंडिया जागतिक टपाल संघात आल्यावर ही दुहेरी वसुली थांबली.

वजनाचा नियम बसला तरी आकार आपल्या टपालखात्याच्या नियमपुस्तकात होताच. पाकीट १४ × ९ सेंटीमीटरपेक्षा लहान नको. लांबी, रुंदी, जाडी मिळून ९० सेंटीमीटरच्या आत आणि कुठलीही एक बाजू ६० पेक्षा जास्त नको. तिकीट कमी पडलं तर पत्र नॉटपेड, घेणाऱ्याने कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट भरायचे. लग्नपत्रिका बुकपोस्टाने, म्हणजे छापील मजकुराच्या सवलतीच्या दराने, टाकताना पाकीट चिकटवायचं नाही, ही अट जुन्या मंडळींना अजून तोंडपाठ असेल.

आकाराला स्वतंत्र किंमत आली ती छाननी यंत्रांमुळे. चौरस पाकीट यंत्रात आडवं की उभं ते कळत नाही, जाड पाकीट अडकतं. अमेरिकेत म्हणूनच चौरस पाकिटाला जादा शुल्क पडतं. ब्रिटनने ऑगस्ट २००६ मध्ये दर आकारावर बांधले: ५ मिलिमीटरपर्यंत जाड ते साधं पत्र, त्यापुढे मोठं. भारतात साध्या पत्राला आजही वजनच बघतात, त्यामुळे चौरस पत्रिका छापणाऱ्यांनी निर्धास्त राहावं. पार्सलचं तसं नाही. विमानात आणि ट्रकमध्ये वजनाआधी जागा संपते, आणि हलक्या पण फुगीर खोक्यामागचं गणित तिथलं आहे. माझ्या मते ते अन्यायाचं नाही, पण दरपत्रकात ते इतक्या बारीक अक्षरात का छापतात, हे विचारायला हवं.