कर वॉशिंग मशीनवर, महागला ड्रायर

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या घरगुती वॉशिंग मशिनांवर जादा आयातशुल्क लावलं. वर्षातल्या पहिल्या १२ लाख मशिनांवर २० टक्के, त्यापुढच्या प्रत्येक मशीनवर ५० टक्के. मशिनं साधारण १२ टक्क्यांनी महागली, त्यात नवल नाही. नवल हे की कपडे वाळवायचे ड्रायरही जवळजवळ तितकेच महागले. आणि ड्रायरवर तर एका छदामाचंही नवं शुल्क नव्हतं.

एरन फ्लाएन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनोट या अर्थशास्त्रज्ञांनी किमतींचा माग काढला, तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेत ही दोन यंत्रं जोडीने खपतात, आणि पुष्कळदा दोन्हींची किंमत सारखीच असते. त्यामुळे शुल्काचा बोजा जोडीवर वाटला गेला. शुल्काशी संबंधच नसलेल्या देशी कंपन्यांनीही भाव वाढवले. परदेशी स्पर्धकाचा माल महागल्यावर आपला स्वस्त ठेवायचा कशाला?

याच अभ्यासातला हिशेब बघण्यासारखा आहे. देशात सुमारे १,८०० नवे रोजगार आले. ग्राहकांनी मात्र वर्षाला सुमारे १५० कोटी डॉलर जास्त मोजले, आणि सरकारी तिजोरीत त्यातले ८.२ कोटीच पडले. वजाबाकी-भागाकार केला की एका नोकरीमागे सुमारे ८ लाख डॉलर खर्च निघतो. ती नोकरी करणाऱ्याचा पगार याच्या आसपासही नसणार, हे उघड आहे.

मुळात जवळजवळ सगळ्या जगातून येणाऱ्या मशिनांवर सरसकट शुल्क लावायची वेळ का आली, हीही एक गंमतच. २०१२ पासून दक्षिण कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या मशिनांवर शुल्क लावायला सुरुवात झाली. कंपन्यांनी उत्पादन चीनमध्ये हलवलं. मग चीनच्या मालावर शुल्क आलं, तेव्हा उत्पादन थायलंड आणि व्हिएतनामला गेलं. एका देशाचं दार बंद केलं की माल दुसऱ्या देशाच्या दारातून येतो. या पकडापकडीत ग्राहकाला फारशी झळ बसली नव्हती. ती बसली सगळी दारं एकदम अडवल्यावर.

आता मुख्य प्रश्न: शुल्क भरतं कोण? बंदरावर पैसे मोजतो तो आयातदार, म्हणजे शुल्क लावणाऱ्या देशातलाच व्यापारी. परदेशी सरकार काही भरत नाही. पण पैसे कोणी मोजले आणि बोजा कोणावर पडला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परदेशी उत्पादकाला दुसरं गिऱ्हाईक नसेल तर तो भाव उतरवतो आणि शुल्काचा काही भाग स्वतः सोसतो. खरेदीदाराकडे पर्याय नसेल तर सगळा भार त्याच्या अंगावर. ज्याला कमी पळवाटा, तो जास्त भरतो. म्हणूनच प्रचंड बाजारपेठ असलेला देश निदान कागदावर तरी शुल्क लावून फायदा काढू शकतो. त्याने खरेदी कमी केली तर जागतिक भावच खाली येतो. छोट्या देशाला ही सोय नाही. त्याने घेतलं काय, न घेतलं काय, जगाच्या भावावर ओरखडाही उठत नाही.

अमेरिका हे तर जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तरीही २०१८ च्या शुल्कांचे आकडे तपासले, तेव्हा परदेशी विक्रेत्यांनी आपले भाव जवळजवळ उतरवलेच नव्हते, असं दिसलं. बोजा जवळपास पूर्णपणे अमेरिकी खरेदीदारांवर पडला. त्यांत कारखानदारही आले. पोलादावर त्याच वर्षी २५ टक्के शुल्क लागलं. पोलाद बनवणाऱ्यांना ते हवंच होतं, पण पोलाद वापरून काही ना काही बनवणारे त्यांच्या कित्येक पट. त्यांचा कच्चा माल महागला, आणि परदेशातला स्पर्धक मात्र जुन्याच भावाने पोलाद घेत राहिला.

इथून पुढचा मुद्दा पहिल्यांदा ऐकताना चुकीचाच वाटतो. अर्थशास्त्रज्ञ अब्बा लर्नर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं की आयातीवरचा कर हा शेवटी निर्यातीवरचाच कर असतो. कसं, ते बघू. आपण परदेशी माल घेतो तेव्हा आपलं चलन परकीयांच्या हाती जातं आणि त्याच चलनाने ते आपला माल घेतात. आयात अडवली की त्यांच्या हाती आपलं चलन कमी पडतं, त्याचा भाव चढतो, आणि आपला निर्यातीचा माल त्यांना महाग पडतो. शिवाय देशातले कामगार आणि भांडवल संरक्षण मिळालेल्या धंद्याकडे वळतात. ते येतात कुठून? पुष्कळदा निर्यात करणाऱ्या धंद्यांतूनच. प्रत्यक्षात हे गणित इतकं तंतोतंत जुळत नाही, पण ओढ त्याच दिशेची असते.

त्यात प्रतिशुल्काची भर पडते. चीनने २०१८ मध्ये अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. शेतकऱ्यांना सावरायला अमेरिकी सरकारने दोन वर्षांत मिळून सुमारे २,८०० कोटी डॉलरची मदत जाहीर केली. वॉशिंग मशीन किंवा पोलाद यांच्याशी त्या शेतकऱ्यांचं काय देणंघेणं होतं? काहीच नाही.

एवढं वाचून मुक्त व्यापारात सगळ्यांचंच भलं होतं असं वाटलं असेल, तर जरा थांबायला हवं. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाईन घेऊन मांडलेला युक्तिवाद आजही भक्कम आहे: एखादा देश दोन्ही वस्तू स्वस्तात बनवत असला, तरी त्याने जास्त सरस असलेलीच वस्तू बनवावी आणि दुसरी विकत घ्यावी. दोघांनाही लाभ होतो. पण या मांडणीत विणकर बिनबोभाट द्राक्षांच्या मळ्यात कामाला लागतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी १९९० ते २००७ या काळाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या कारखान्यांत जेवढे रोजगार घटले, त्यातली सुमारे एक चतुर्थांश घट चिनी आयातीमुळे होती. ज्या गावांतले कारखाने बुडाले, तिथले लोक दुसरीकडे गेलेही नाहीत आणि त्यांना तितकं चांगलं कामही मिळालं नाही. फायदा देशभर थोडाथोडा पसरला आणि नुकसान काही गावांवर एकदम कोसळलं. माझ्या मते अर्थशास्त्रज्ञांनी हे फार उशिरा गांभीर्याने घेतलं.

तरी त्यावर शुल्क हाच उपाय आहे, असं म्हणवत नाही. कारण एकदा लावलेलं शुल्क सहजी निघत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपने स्वस्त अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं. उत्तरादाखल अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्सट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के शुल्क लावलं. ते १९६४ पासून लागू झालं. बाकीच्या वस्तू कालांतराने सुटल्या, ट्रक अडकले. प्रवासी गाडीवर मात्र तेव्हा शुल्क फक्त अडीच टक्के होतं. म्हणून २००९ पासून फोर्ड कंपनी आपली ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन तुर्कस्तानातून आणताना तिला मागच्या सीट आणि खिडक्या लावून आणायची. बाल्टिमोर बंदरात ‘प्रवासी गाडी’ म्हणून ती सोडवून घेतली की सीट काढायच्या आणि खिडक्यांच्या जागी पत्रे बसवायचे, की झाली मालवाहू. हे प्रकरण कोर्टात गेलं आणि फोर्ड हरली. २०२४ मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर भरून ते मिटवलं. कोंबडीवरून लागलेलं ट्रकवरचं शुल्क तेव्हाही २५ टक्केच होतं.