आर्मा ३ अडखळतो? आधी कार्डाला दोष देऊ नका

रत्नागिरी-चिपळूणकडच्या पोरांमध्ये एक समज घट्ट बसलाय: आर्मा ३ हा युद्धाचा गेम अडखळतोय, तर महागडं ग्राफिक्स कार्ड घाला. दुकानदारही मान डोलावतो, त्याचं काय जातंय!

२०१३ साली आलेल्या या गेममध्ये मोठा भार प्रोसेसरवर पडतो. त्यातल्या अल्टिस बेटाचा नकाशाच सुमारे २७० चौरस किलोमीटरचा. त्यावरच्या संगणकी सैनिकांपैकी कोणी कोणाला पाहिलं, आडोसा कुठे घ्यायचा, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. त्यातलं बरंचसं काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एकाच गणनाकेंद्रावर चालतं. म्हणून कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान, हे बघायचं. कार्ड बिचारं वाट बघत बसतं.

खात्री करायचीय? मोठी चकमक लावा आणि रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारकावा निम्मा करा; त्यानं कार्डाचा भार हलका होतो. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, जेमतेम हलला, तर दोष कार्डाचा नाही. मग व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे गेम किती लांबपर्यंत दाखवतो ते अंतर, ४ किलोमीटरवरून २ वर आणा. दाखवायचं क्षेत्रफळ चौथाई होतं. अगदीच जुनं कार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हो, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घामट दुपारी प्रोसेसर तापला की स्वतःच वेग उतरवतो. पंख्यातली धूळ आधी झटका, पैसे नंतर काढा.