उभी रेघ चालून काढता येते का?

फलन, म्हणजे गणितातलं ‘फंक्शन’, म्हटलं की ‘एफ ऑफ एक्स’ आणि वरच्या इयत्तेचं जाड पुस्तक डोळ्यासमोर येतं. पण सात-आठ वर्षांच्या मुलालाही फलन समजू शकतं, असं मला ठामपणे वाटतं. त्याने ते आधी चालून पाहायला हवं.

त्यासाठी अंतर मोजणारा सेन्सर लागतो. तो कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि मुलाच्या अंगावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. मूल दोन मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन साधारण १२ मिलिसेकंद लागतात. एका सेकंदात अशी अनेक मोजमापं होतात आणि पडद्यावर लगेच आलेख उमटतो: आडवी वेळ, उभं अंतर. मूल लांब गेलं की रेघ चढते, भरभर गेलं की जास्त तिरकी होते. ते थांबलं तरी रेघ सपाट होऊन पुढे जातच राहते, कारण वेळ थांबत नाही.

आता मुलांना वर्तुळ काढायला सांगा. ती गोल फिरतात आणि पडद्यावर येते लाट! सेन्सरला फक्त अंतर कळतं आणि गोल फिरताना ते वाढतं, कमी होतं, पुन्हा वाढतं. मग उभी रेघ मागा. मुलं जिवाच्या आकांताने धावतात, पण रेघ थोडी तरी कलतेच. अगदी उभ्या रेघेसाठी एकाच क्षणी अनेक ठिकाणी असावं लागेल. आडवी रेघ मात्र सहज जमते, कारण वेगवेगळ्या क्षणी एकाच जागी उभं राहता येतं. एका वेळेला एकच अंतर, पण एकच अंतर अनेक वेळांना चालतं: फलनाची व्याख्या ती हीच. वर्तुळ अडतं तेही इथेच, त्यात एकाच वेळेवर दोन-दोन बिंदू येतात.

‘काही मुलं कृतीतून शिकणारी, काही बघून शिकणारी’ अशी वर्गवारी करून महागडी ॲप विकली जातात. या वर्गवारीनुसार शिकवल्याने जास्त समजतं, याला भक्कम पुरावा नाही. इथे महत्त्व आहे ते हालचाल आणि आलेख एकाच वेळी दिसण्याला. संशोधक हेदर ब्रेझेल यांनी १९८७ मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आलेख अवघे २० सेकंद उशिरा दाखवला, तर जवळजवळ सगळा फायदा नाहीसा झाला. त्यामुळे सेन्सर घेताना आधी आलेख चालता चालताच उमटतो का, ते पाहावं.