हिमोग्लोबिन म्हणजे नुसतं लोह नव्हे

इंदूरच्या रामबागेत काय, टिळकनगरात काय, रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं की घरातली वडीलधारी मंडळी सांगतात: लोह कमी झालंय, गूळ-शेंगदाणे खा, गोळ्या घे. हा समज अर्धवट आहे, आणि कधीकधी घातकही.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींत ऑक्सिजन वाहून नेणारं, चार प्रथिन-साखळ्यांचं संकुल आहे. दोन अल्फा, प्रत्येकी 141 अमिनो आम्लांच्या; दोन बीटा, 146च्या. प्रत्येकीच्या खोबणीत हीम नावाचा एक छोटा रेणू, त्यात लोहाचा एकच अणू. एकीला ऑक्सिजन चिकटला की अख्ख्या संकुलाचा आकार बदलतो आणि उरलेल्यांना तो पकडणं सोपं जातं. सुटी साखळी हे करू शकत नाही. ही रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांना 1962 साली नोबेल मिळालं.

बीटा साखळ्याच कमी बनल्या तर? तोच बीटा थॅलेसेमिया, हा आनुवंशिक रक्तविकार. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साचतात आणि तांबड्या पेशी घडतानाच मरतात. लोहाच्या गोळ्यांनी साखळ्या वाढत नाहीत. गरज नसताना घेतलेलं लोह उलट शरीरात साठू शकतं. सिंधी समाजात याचे वाहक, म्हणजे सदोष जनुक बाळगणारे, जास्त आढळतात, पण मराठी घरंही सुटलेली नाहीत. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी) या तपासण्यांबद्दल जरूर विचारा. लग्न ठरत असेल तर नक्कीच, कारण दोघेही वाहक असले तर मुलाला गंभीर आजार होऊ शकतो.